सातव्या मजल्याची फळी

४ मार्च, सोमवार

मानवजातीवर आजवर पुष्कळ अन्याय झाले असतील. पण तीस वर्षांपूर्वीचा आपलाच खेळ तळहाताएवढ्या पडद्यावर आणून तो दुहेरी चष्मा लावणाऱ्या माणसाला ‘जरा तपासून द्या’ म्हणणं — याची कुठेतरी नोंद व्हायला हवी. ती इथे करतो. चष्म्याच्या खालच्या अर्ध्यातून रंगारी दिसतो, खड्डा दिसत नाही. वरच्या अर्ध्यातून दोन्ही दिसत नाहीत. मान मागे टाकून, नाक पुढे काढून बसलं तर जेमतेम जमतं. बायको खोलीत आली, जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “शिंक अडकलीय का?”

खेळाचं नाव ‘रंगारी’. बादली घेतलेला एक माणूस परांचीच्या फळ्यांवरून उड्या मारत बारा मजले चढतो, बास. टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत आम्ही तिघांनी तो केला. मालक जागा आणि शिव्या पुरवायचा. पट्टीताई प्रत्येक मजला ग्राफ पेपरवर काढायची. मी तिच्या चौकटी मोजून आकडे वहीत लिहायचो आणि मग कॉम्प्युटरमध्ये भरायचो. (ताई म्हणजे सख्खी नव्हे, ऑफिसात सगळ्यांचीच. अंबाड्यात कायम लाकडी पट्टी खोचलेली, म्हणून पट्टी.)

तेव्हा पोरं तो टीव्हीला जोडून खेळायची. आता एका कंपनीने हातात धरायच्या यंत्रासाठी नव्याने केलाय. आमचा रंगारी सोळा ठिपक्यांचा होता. याला भुवया आहेत.

पहिल्याच मजल्यावर नऊ वेळा मेलो.

५ मार्च, मंगळवार

अंगठा सुजला. कंपनीतल्या बाई — प्रत्येक निरोपाखाली हसरा चेहरा टाकतात, म्हणून हसऱ्या बाई — विचारतात, ‘सर, कसं वाटतंय?’ मी लिहिलं, ‘माझ्या अंगठ्याशी तुमच्या कंपनीचं काही जुनं वैर आहे का?’ उत्तरादाखल तीन हसरे चेहरे. दर आठवड्याला वर्तमानपत्रात लोकांची सालं काढतो मी, वीस वर्षं. या बाईंना ओरखडासुद्धा उठत नाही.

चौथा मजला. तिथे एक मांजर आहे. आमच्या वेळी मांजर नव्हतं. मांजर का आहे?

७ मार्च, गुरुवार

खेळात एक ‘आठवणींचं दालन’ असणार म्हणे. त्यात ताईचे बाराही कागद दाखवायचे आहेत. ते माझ्याकडे असतील का, आणि चित्रं ताईंची असल्याने त्यांची सही आणून द्याल का, अशी विचारणा. सोबत सातव्या मजल्याखाली छापायचा मजकूर:

‘सुप्रसिद्ध अशक्य उडी. मूळ नकाशात फळी एक चौकट लांब पडली होती. नव्या आवृत्तीत ही चूक सुधारली आहे.’

खाली ताईचं पूर्ण नाव.

हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारलं. बाईंनी माझाच जुना लेख पाठवला. त्यातल्या एका वाक्याखाली पिवळी रेघ: ‘हातात पट्टी असूनही चुकण्यासाठी माणसाला खास प्रतिभा लागते.’ त्या वाक्यावर लोक खूप हसले होते. बायको नव्हती हसली. “तुमच्याबरोबर काम करायची ना ती?” एवढंच म्हणाली होती.

१० मार्च, रविवार

माळ्यावर चढलो. धूळ, दोन शिंका (आता बायको म्हणते, “सुटली एकदाची”), आणि फाईल. बाराही कागद शाबूत. शेजारी माझी आकड्यांची वही.

सातवा कागद घेऊन बसलो. तिसऱ्या आणि चौथ्या फळीमध्ये ताईने सोडलेल्या चौकटी — चार. माझ्या वहीत, माझ्या अक्षरात — पाच.

आज पहिल्यांदा मोजल्याचा आव कुणापुढे आणू? इथे तर मी आणि ही डायरी, तिसरं कुणी नाही.

खेळ दुकानात गेला आणि आठवड्याभरात पत्रं यायला लागली, सातव्या मजल्यावरची उडी बसतच नाही. मालकाने आम्हा दोघांना समोर उभं केलं. “कुणाचे दिवे हे?” मी म्हणालो, “मी कागदावर दिसतं तसं भरतो.” ताई म्हणाली, “कागद आण, बघू.” मी म्हणालो, “तो सापडत नाहीये.” कागद माझ्या पिशवीत होता. सकाळीच मोजला होता.

मालकाने तिला काढलं नाही. महिनाअखेर तिनेच सोडलं. जाताना मला म्हणाली, “तुला फुकट बोलणी बसली रे माझ्यामुळे.”

दुपारी कागद स्कॅन केले. बायकोने मोजले. “अकराच?”

“सातवा फाटलाय.”

“मघाशी तर धड होता.”

“आता फाटलाय म्हणतो ना.”

तिने अकराही कागद पुन्हा एकदा मोजले. ही तिची जुनी खोड आहे.

११ मार्च, सोमवार

हसऱ्या बाई: ‘सर, सातवं पान राहिलंय का?’ पुढे नेहमीचा चेहरा. यंत्र बंद करून ठेवलं.

१३ मार्च, बुधवार

सहीसाठी ताईकडे गेलो. तिचा स्वयंपाकघरातली कपाटं बनवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबट शेड, एक सुतार आणि लाकडाचा भुसा. केस पांढरे झालेत. पट्टी तीच, अंबाड्यात.

मला बघून म्हणाली, “थांब हं, एवढं माप होऊ दे.” प्लायवुडवर माप घेतलं, पेन्सिलीने खूण केली. पुन्हा पहिल्यापासून माप घेतलं. मग तिसऱ्यांदा. सुतार करवत घेऊन भिंतीला टेकलेला.

“बसा हो,” तो मला म्हणाला, “तीनदा झाल्याशिवाय आमची करवत हलत नाही. गिऱ्हाईक कंटाळून जातं, पण ताईंचं तीनदा म्हणजे तीनदा.”

“जाऊ दे गेलं तर,” ताई म्हणाली. “एकदा चुकलेय मी. यालाच विचार, हा होता तिथे.”

सुताराने माझ्याकडे बघितलं. मी भुशाकडे बघितलं.

मग तिने मजकूर वाचला. चष्मा वर करून पुन्हा वाचला. आणि पुन्हा. “बरोबर लिहिलंय त्यांनी. सही कुठे करू?”

सही केली. यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “भुवया कशाला काढल्या याला?” तीस वर्षांत मला पटलेलं हे पहिलं परीक्षण. निघालो तेव्हा दारापर्यंत आली.

“ते पान कधी सापडलं का रे? मला काही नको, फक्त एकदा बघायचं होतं. नेमकी कुठे चुकले ते. अजून डोळ्यांपुढे आणते, तर चारच दिसतात.”

मी म्हणालो, “बघतो माळ्यावर.”

बघतो माळ्यावर. पन्नाशी उलटलेला माणूस, लेखणीला धार म्हणून लोक नावाजतात, आणि तोंडातून हे निघालं.

१४ मार्च, गुरुवार

यंत्रात ‘जुना खेळ’ असा वेगळा पर्याय आहे. त्यात फळी अजून तिथेच, मी टाकली तिथे. ठरवलं, आधी ही उडी मारायची. का ते विचारू नये. एकेचाळीस वेळा पडलो. दर वेळी तो बादलीसकट खाली जातो, आणि कुणीतरी खालून ‘अरेरे’ म्हणतं — हेही नवीनच घातलंय. यंत्र आपटणार होतो. गादीवर आपटलं.

लेख द्यायचा होता. विषय: पूल चुकीच्या जागी बांधणारा इंजिनिअर. चार ओळी झकास जमल्या. पाचवी लिहिताना हात थांबला. पान फाडलं.

बायको दारात. “लेख फाटला?”

“हो.”

“आणि ते सातवं पान?”

“ते धड आहे.”

“मग नेऊन द्या की,” ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली. तिला किती ठाऊक आहे, आणि कधीपासून, हे विचारायची माझी छाती नाही.

१५ मार्च, शुक्रवार

गेलो. सुतार जेवायला गेला होता, ते बरं झालं. तिच्या कामाच्या टेबलावर सातवा कागद ठेवला. त्याच्याजवळ माझी वही, तेच पान उघडून.

“सापडलं?” ती म्हणाली.

“हरवलंच नव्हतं, ताई. माझ्या पिशवीत होतं. त्या दिवशीही.”

येताना रस्ताभर पुढची वाक्यं तयार केली होती. तीन परिच्छेद, एक विनोदही. एकही आठवलं नाही. तिने कागदावरचा भुसा पदराने पुसला आणि हात अंबाड्याकडे नेला, पट्टीसाठी. मी थांबलो नाही. त्याला भित्रेपणा म्हणतात, मला ठाऊक आहे.

सकाळी निघण्याआधी सातवं पान स्कॅन करून ठेवलं होतं, घरी येऊन ते कंपनीला पाठवलं. मजकूर बदलून: ‘नकाशा अचूक होता. चौकट आकडे भरणाऱ्याने चुकवली आणि कागद लपवला.’ खाली ताईच्या नावाच्या जागी माझं, पूर्ण.

१६ मार्च, शनिवार

हसऱ्या बाईंचं उत्तर: ‘मिळालं, सर. असंच छापू.’ पुढे चेहरा नाही.

बेचाळिसाव्यांदाही पडलो.

१७ मार्च, रविवार

सकाळी ताईचा निरोप.

‘चारच आहेत. एकदाच मोजल्या.’