चार किलो ताकद

३ मार्च, सोमवार
चपला काढा, स्वेटर काढा, मोबाईल बाजूला ठेवा. कांद्यासारखं सोलून काट्यावर उभं केलं तर वजन कमी भरणारच. अठ्ठेचाळीस. सिस्टरला म्हटलं, तुमचा काटा खोटा आहे. ती म्हणाली, मावशी, काटा सगळ्यांना एकच आहे. मावशी म्हणे. माझ्याच वयाची, केस तेवढे रंगवलेत.

कॅन्सरसाठी आता नवीन सलाईन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे केमो नाही, तुमच्या अंगातलीच ताकद जागी होऊन गाठीशी लढेल. पुढेही पुष्कळ बोलल्या. मला कळायचं ते कळलं. ताकदीचं सलाईन आहे. वजन वाढलं की समजायचं, लागू पडलं.

ठरवलं: रोज दोन अंडी. सोबत कुणाला न्यायचं नाही. बाकीच्यांबरोबर माणसं होती, पण ती नुसती मोबाईल बघतात. माझ्या शेजारच्या खुर्चीवर मी पिशवी ठेवली. पिशवी निदान कपाळाला हात लावून बसत नाही.

११ मार्च, मंगळवार
अंडी जात नाहीत. कोंबड्यांचीच काहीतरी गडबड असणार.

शिलाईच्या दुकानात आमचे टेलर मास्तर म्हणाले, बाई, दुसऱ्यांची मापं बरोबर घेता, स्वतःचंच चुकलं का? म्हटलं, फॅशन आहे. गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा स्वतःचा कुर्ता दोन्ही बाजूंनी आत घेतला. जास्तीचं कापड कापलं नाही. लागणार आहे.

धाकट्या बहिणीचा फोन. पुढच्या वेळी रजा काढून येऊ का म्हणाली. म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? बरं म्हणाली. आणखी एकदा विचारलं असतं तर जीभ झिजली नसती.

२४ मार्च, सोमवार
सत्तेचाळीस. खिशात दुकानातली मोठी कात्री राहिली होती. खरंच राहिली होती. सिस्टरनं काढायला लावली. म्हणाली, मावशी, ऑपरेशन करायला आलात का? सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर लक्षात आलं, दिवसभरात तेवढंच बोलणं झालं होतं.

५ मे, सोमवार
एक्कावन्न. चार किलो. कात्रीशिवाय.

कुर्ता उसवून सैल केला. मास्तर म्हणाले, कधी आत, कधी बाहेर, एकदा ठरवा. आता ठरलं. चेहरा भरलाय. लोक घामानं निथळतात आणि मी स्वेटरमध्ये. मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागतो. ताकद मुरायला झोप लागतेच. आज रक्त घेतलं, घेऊ देत, भरपूर आहे.

धाकटीला कळवून टाकलं, दुखणं संपलं. ती फोनवर रडली. म्हणाली, ताई, आता मी सुटले. खरं तर सुटले असं मी म्हणायला हवं होतं.

१२ मे, सोमवार
बोलावून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सलाईननं जागी झालेली ताकद तुमच्याच थायरॉईडवर उलटली. ते मंद झालंय, म्हणून थंडी, म्हणून झोप. म्हटलं, आणि ही चार किलो ताकद? म्हणाल्या, ती सूज. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बहुतेक कायमची. मी विचारलं, मग आतली गाठ किती गेली? ते स्कॅन केल्यावरच कळेल म्हणाल्या. रिपोर्ट २६ तारखेला. घरचं कुणीतरी घेऊन या, ऐकायला आणखी दोन कान असलेले बरे. म्हटलं, माझे आहेत की दोन. त्या म्हणाल्या, त्या दोन कानांनी मागच्या वेळी काय ऐकलं ते आत्ता कळलं ना.

पिशवी उचलून निघाले. पिशवीला कान नाहीत.

१४ मे, बुधवार
धाकटीला फोन केला. तिनं बोलूच दिलं नाही. तू बरी झालीस म्हणून २४ पासूनची फिरायला जायची तिकिटं काढली, पोरं नाचतायत. म्हटलं, जा, मजा करा. ठेवला फोन.

भांडी घासली. ओटा पुसला. परत पुसला. मग मोबाईलवर बोलून मेसेज पाठवला, लिहायला बसले तर चुका काढते ती. म्हटलं, बरी झालेली नाही. ते वजन खोटं होतं. सव्वीसला रिपोर्ट आहे आणि मला तो एकटीनं ऐकायचा नाही. येतेस की नाही, शुक्रवारपर्यंत सांग. नाही म्हणायचं असेल तरी शुक्रवारपर्यंत म्हण.