भीतीच्या जपाची वही

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत आणि गाडीही धडधाकट आहे (डावा आरसा सोडून, त्याची हकीकत पुढे येईल). तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता, की बाटली नुसतीच खिडकीत ऊन खात बसली आहे? पत्राला उशीर झाला, कारण गेले तीन महिने आम्ही विद्यापीठाच्या संशोधनात होतो. म्हणजे आम्ही करत नव्हतो, आमच्यावर चाललं होतं.

त्याचं असं झालं. पेट्रोल पंपावर एक कागद चिकटवलेला होता. विद्यापीठाला पासष्ट वर्षांवरचे वाहनचालक हवे आहेत, भाग घेणाऱ्याच्या गाडीचे चारही टायर फुकट बदलून मिळतील. आमचे टायर तुम्हाला ठाऊक आहेत, तळहातासारखे गुळगुळीत झाले होते. मी तिथेच नंबर उतरवून घेतला. यांना टायरचं बोलले नाही. विद्यापीठ मुरलेले चालक शोधतंय, एवढंच सांगितलं. हे म्हणाले, "उशिरा का होईना, सुचलं म्हणायचं."

विद्यापीठात काय काय चालतं ते तुम्ही पाहायलाच हवं. पहिल्या दिवशी आम्ही मजला चुकलो. एका खोलीत मधमाश्यांच्या पाठीवर आकडे चिकटवत होते. शेजारच्या खोलीत एक गृहस्थ शंभरेक जुन्या चपला उलट्या टांगून कुठली टाच आधी झिजते ते मोजत होते (माणसाच्या फेकलेल्या चपलाही वाया जात नाहीत हे पाहून मला फार बरं वाटलं). तिसऱ्या खोलीत यांचं नावगाव न विचारता कोणीतरी यांना पलंगावर निजवलं आणि डोक्याला तारा लावल्या. हे दहा मिनिटांत घोरायला लागले. तासाभराने कळलं की ते झोपेचं खातं आहे. तिथली मंडळी यांना सोडायला तयार होईनात. एवढा स्वच्छ नमुना वर्षात मिळाला नाही म्हणाली. आपल्या माणसाचं कौतुक झालं की कुठल्याही खात्यात झालं तरी गोडच वाटतं.

आमचं खातं तळमजल्यावर. एक दाढीवाले सर आणि त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी एक मुलगी. त्यांनी गाडीत एक कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून लावला, दुसरा आमच्याकडे, आणि सीटखाली एक डबी ठेवली. कचकन ब्रेक लागला की डबी नोंद करणार. शिवाय यांनी दर आठवड्याला एक फॉर्म भरायचा, धोक्याचे प्रसंग किती आले म्हणून. यांनी तेराही आठवडे शून्य लिहिलं. शून्यही काय सुबक काढलं होतं, तांदळाने काढल्यासारखं.

आता माझ्या एका वहीचं सांगायला हवं. ती मी आजवर कोणाला दाखवलेली नाही. रोज हजार वेळा नाम घ्यायचा माझा नेम तुम्हाला माहीत आहे. गाडीतही घेते. पण यांनी समोरून बस येताना ट्रकला ओलांडायला घेतलं की तोंडातून जे नाम निघतं ते भक्तीचं नसतं. हे देवाला कळतं आणि मलाही कळतं. ते हजारात धरायचं म्हणजे देवाच्या डोळ्यांत धूळ फेकणं. म्हणून गाडी आली त्या दिवसापासून, म्हणजे अकरा वर्षं, मी वेगळी वही घातली आहे. तारीख, कुठून कुठे, भीतीचा जप किती, आणि शेवटी कारण: ट्रक, कुत्रं, डावीकडून सायकल, रस्त्यापलीकडच्या ओळखीच्या माणसाला यांनी दोन्ही हातांनी केलेला नमस्कार.

त्या मुलीला कॅमेऱ्यात मी दिसायची. ओठ हलतात, डोळे मिटतात, मग पेन्सिल चालते. एक दिवस तिने विचारलंच, "काकू, तुम्ही मधूनमधून लिहिता काय?" खोटं कशी बोलू? वही दिली. तिने तीन महिन्यांचा ताळा घातला. डबीत एक्केचाळीस, वहीत त्रेचाळीस, यांच्या फॉर्मात शून्य. डबीहून दोन जास्त कसे, म्हणून ती तारखा पाहू लागली आणि कानापर्यंत लाल झाली. ते दोन ज्या दिवसाचे निघाले त्या दिवशी आमची गाडी टायर बदलायला दिलेली होती, आणि आम्हाला घरी तिने स्वतः सोडलं होतं. सर दाढीआड हसत होते. मी तिला म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस बाई, यांच्या मानाने तू संत आहेस.

शेवटच्या दिवशी आम्हाला खोट्या गाडीत बसवलं. अर्धी कापलेली गाडी, चाकं नाहीत, समोर पडद्यावर रस्ता. हे चालवायला, मी नेहमीप्रमाणे डावीकडे. माझ्या पायाखालीही त्यांनी गुपचूप एक पट्टी ठेवली होती. तर असं निघालं की यांच्या ब्रेकच्या आधी माझा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जातो, दर खेपेला, पाऊण सेकंद आधी. मुलीने विचारलं, "मग काका ब्रेक कशावरून लावतात?" वन्सं, मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उलगडा झाला. ते रस्ता बघून लावतच नाहीत. मी नाम घेतलं की लावतात.

मग सरांनी मला खोलीबाहेर बसवून यांना एकट्याने चालवायला सांगितलं. पडद्यावर डावीकडून सायकली सोडल्या. सातांपैकी सहा यांना दिसल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डाव्या बाजूची नजर आत आत येत चालली आहे. गेली ती येणार नाही, उरलेली औषधाने सांभाळा, पण चालवणं थांबवा. (आरसा विद्यापीठाच्या फाटकाच्या डाव्या खांबाने नेला. खांब चुकीच्या जागी बांधलाय, असं हे वॉचमनला अर्धा तास समजावत होते.) घरी येऊन मी वही चाळली. गेल्या दीड वर्षात दर दुसऱ्या ओळीत "डावीकडून". मी लिहीत होते आणि मलाच दिसत नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. हे बाहेर पाणी प्यायला गेले तेव्हा सर म्हणाले, काकू, तुम्ही बसा. मी चपला काढून बसले. पाऊण तास चालवली. वेग वीस. वाटेत सगळ्यांना आधी जाऊ दिलं. पडद्यावरच्या एका कोंबडीलाही. सिग्नलला इंजिन बंद केलं, तेव्हा ती मुलगी म्हणाली, काकू, यात पेट्रोल नसतं. म्हटलं, सवय मोडू नये. एकही धडक नाही. आणि गाडीत बसून घेतलेलं सगळंच्या सगळं नाम हजारात धरता आलं, असं पहिल्यांदाच घडलं.

बाकी सर्व क्षेम. पत्रावर तिकीट लावत नाही. आमचा नळवाला पुढच्या आठवड्यात तुमच्याच गावी सासुरवाडीला यायचा आहे, त्याच्या हाती देईन. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. — खरं म्हणजे ज्यासाठी लिहायला बसले ते राहूनच गेलं. डॉक्टरांचं ऐकल्यापासून यांची किल्ली शर्टाच्या खिशात, झोपतानाही. काल म्हणाले, ताईच्या पंचाहत्तरीला मी एकटा गाडी घेऊन जाणार, साठ किलोमीटर, मग बघू कोणाची डबी काय म्हणते. यांना सायकल तुम्ही शिकवलीत. हे देवाला मानत नाहीत, डॉक्टरांना मानत नाहीत, तुम्हाला मानतात. तेवढं कळवा की चालवत आलास तर फाटक उघडणार नाही. आणि जमलं तर हेही घाला, की मला शिकवावं.

ता. क. २ — नळवाल्याचं जाणं रहित झालं. पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवते आहे. कोणी येणारं दिसलं की देईन.

ता. क. ३ — ताई, हे माझं अक्षर. पत्र मला पहिल्याच आठवड्यात सापडलं होतं. पिठाचा डबा मीच भरून आणतो. रागाच्या भरात हिच्या चुका काढायला वही घेतली आणि अकरा वर्षं वाचून काढली. दिवसाआड काही ना काही नोंद आहे, आणि दुसऱ्या दिवशी ही पुन्हा शेजारी येऊन बसलेली आहे. किल्ली काढून दिली. शिकवायला मी. गेल्या मंगळवारी हिला पक्कं लायसन्स मिळालं. आता तुझ्या फाटकाबाहेर गाडीत बसून हे लिहितो आहे. तिकीट वाचलं, पत्र हातोहात देतो. सकाळी सहाला निघालो होतो. जेवण पुन्हा गरम कर. ही अजून गाडी सरळ लावते आहे, हा अकरावा प्रयत्न, म्हणून अक्षर हलतंय. तुझ्या दोन कुंड्या गेल्या, दोन्ही डावीकडच्या, म्हणजे त्या माझ्या खात्यावर. मी देव मानत नाही हे तुला ठाऊक आहे. घरापासून इथपर्यंत माझा जप चौसष्ट.