चार पंख्यांचं कॅबिनेट

८ जून, रविवार. होसूर, तमिळनाडू.
आजपासून डायरी. पेणच्या हार्डवेअरवाल्याने बाबांना दिलेली, २०२१ ची. वार जुळत नाहीत, पण वाराशी आपल्याला काय करायचंय.
ठरलं. कॉम्प्युटर बनवायचा. विकत घ्यायचा नाही, बनवायचा. एकेक पार्ट स्वतः निवडून.
बजेट चाळीस हजार. वीस माझे, वीस अनिताचे. अनिता धाकटी बहीण, शिवणकामाचे साठवलेत तिने. पेणला टायपिंग आणि टॅलीचा कोर्स पण केलाय. नाथाशेठच्या गणपती कारखान्याचं काम मिळतंय तिला. कुठली मूर्ती कोणी बुक केली त्याच्या याद्या करायच्या आणि मूर्तीवर चिकटवायच्या नावाच्या चिठ्ठ्या छापायच्या. आमच्या गावी, गडबला, घरी बसून. अट एकच, कॉम्प्युटर स्वतःचा हवा आणि जुलै लागायच्या आत हवा. नाहीतर काम दुसरीला.
म्हणजे गेमिंग प्लस वर्क. वर्क अनिताचं, गेमिंग माझं. पण मी गेमिंगचं चॅनल काढणार, म्हणजे टेक्निकली दोन्ही वर्कच.
चॅनल चाललं की इथली पॅकिंग लाईन बंद. खोक्याला पट्टी मारायला माझा जन्म झालेला नाही. दहावी दोनदा दिली, दोन्ही वेळा पेपर अवघड होता. कॉम्प्युटर मार्कलिस्ट विचारत नाही.

११ जून
तीन दिवसांत सत्तावीस व्हिडिओ बघितले. आता विषय कळला. निम्मे हिंदीत होते, उरलेले तमिळ. तमिळमधले पण कळले.

१५ जून, रविवार
पहिला पार्ट घेतला. कॅबिनेट. बाजूला अख्खी काच, चार पंखे, चारही पंख्यांना लाईट, पॉवर सप्लाय आत बसवलेलाच. लाईट रंग बदलते. पत्ता गडबचा टाकला.
रूममध्ये ऋत्विक असतो. रोह्याचा, माझ्याच शिफ्टला. म्हणाला, अरे येड्या, आधी प्रोसेसर ठरवतात, मग बोर्ड, कॅबिनेट सगळ्यात शेवटी. मी म्हटलं, घर बांधताना माणूस आधी काय बघतो, बाहेरून कसं दिसतं तेच ना. म्हणाला, नाय, आधी पाया खणतो.
आंघोळीला गेलो. अशा माणसांशी वाद घालायचा नाही.

१६ जून
ऋत्विकच्या भावोजींचं रोहा स्टेशनजवळ दुकान आहे. कंपन्यांच्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर घेतात, दुरुस्त करून विकतात. ऋत्विक म्हणे, अनिताच्या कामाला तसला एक पुरे, वर गॅरंटी. मला हसू आलं. त्याला एक पण लाईट नसते.

२२ जून, रविवार
ग्राफिक्स कार्ड. बेंगळुरूच्या एका पोराकडून, सेकंडहँड. फार वापरलं नाही म्हणाला. वजनाला चांगलं आहे. बॅगेत गरम पण वाटत होतं, म्हणजे दम आहे. घरी कुरियर केलं.
माझे वीस संपले. उरलेल्यासाठी अनिताला फोन केला. म्हणाली, देते ना, आधी प्रोसेसर तर येऊ दे. मग म्हणे, दादा, चिठ्ठ्या छापायला काचेचं कपाट कशाला रे? मी म्हटलं, एअरफ्लो असतो. तर म्हणे, खाडीवरून येतो तेवढा एअरफ्लो बस हाय आपल्याला.
लहान आहे अजून. समजेल.

२९ जून, रविवार
कॅबिनेट घरी पोचलं. आईने विचारलं, कोंबड्यांसाठी हाय का? बाबांनी फोन घेतला. बाबा वीस वर्षं मिठागरावर होते, त्यांना लोखंड म्हटलं की गंजच दिसतो. म्हणाले, निकेश, खाडीची हवा खारी. आमचं फावडं वर्षभर टिकला नाय, तुझा पंखा काय टिकनार?
मुद्दा बरोबर. ताबडतोब सूचना दिल्या. एक, कॅबिनेट गोधडीत गुंडाळून माळ्यावर. दोन, येणारा प्रत्येक पार्ट कोरड्या जागी. तीन, कोणत्याही पार्टला खारी हवा लागता कामा नये. तीनदा म्हणवून घेतलं.

२ जुलै
जुलै लागला. अनिता तारखेबद्दल काहीच बोलली नाही. नाथाशेठने मुदत वाढवली असणार. माणसं समजून घेतात.
फोनवर मागे सारखी टकटक टकटक. पत्र्यावर पाऊस असेल.

१० जुलै
प्रोसेसर घेतला. ओव्हरटाईम करून. रायझन. बिस्किटाएवढा असतो, पण सगळी अक्कल त्याच्यातच. खालून शेकडो सोनेरी काटे, केसापेक्षा बारीक. व्हिडिओवाला म्हणाला, काट्यांना श्वाससुद्धा लागू देऊ नका.
आता बोर्ड. मग रॅम. मग एसएसडी. म्हणजे झालंच.

१४ जुलै
प्रोसेसर घरी पोचला. आई म्हणाली, तांदळात ठेवते.
आमच्याकडे तसंच असतं. खाऱ्या हवेत टिकवायची वस्तू तांदळात. बाबांचं घड्याळ तांदळात, अनिताच्या कुड्या तांदळात, मी लहानपणी चावी लावायचा ट्रक ठेवला होता तो अजून चालतो. मी विचार केला. मोबाईल भिजला तरी लोक तांदळातच ठेवतात. म्हणजे टेक्निकली आई बरोबर. आमच्या घरात हे ज्ञान आधीपासून आहे, फक्त कोणी व्हिडिओ बनवला नाही.
मी एकच सुधारणा सांगितली. पुठ्ठा ओल धरतो, प्लास्टिकला घाम येतो. दोन्ही काढून टाक, नुसता ठेव.
ऋत्विक ऐकत होता. म्हणाला, नुसता? मी म्हटलं, नुसता. त्याने भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. खोकला असेल.

१५ जुलै
आईने रिपोर्ट दिला. मोदकाचे तांदूळ असतात त्या डब्यात ठेवलाय, अगदी तळाला. वासाचा तांदूळ, वेगळा काढलेला. गणपतीपर्यंत त्या डब्याला कोणी हात लावत नाय, म्हणाली.
बँकेत लॉकर असतो तसं झालं. शांत झोप लागेल.

२७ जुलै, रविवार
बोर्ड पण घेतला. आता फक्त रॅम आणि एसएसडी. अनिताकडे पैसे मागितले. म्हणाली, लागतील तेव्हा देते. आवाजात घाई होती. मागे टकटक. गडबला यंदा पाऊस फार आहे.
संकल्प: रोज एक तास इंग्रजी टायपिंगचा सराव. मोबाईलवर.

२८ जुलै
सराव नाही. अंगठा दुखतोय.

३ ऑगस्ट, रविवार
राजीनामा. मला लिहिता येतो, पण इंग्रजीत असतो म्हणून ऋत्विककडून लिहून घेतला. सही झोकात केली. वीस ऑगस्टपासून नोकरी बंद, असं त्यात आहे. ऋत्विक म्हणाला, दे, मी सुपरवायझरला देतो. तू दिलास तर तो दहा प्रश्न विचारेल. चांगला माणूस आहे. पहिला सबस्क्रायबर त्यालाच करणार.
ऋत्विकने विचारलं, घरी सगळं ठीक ना रे? अनिता काय म्हणते? मी म्हटलं, माझी वाट बघतेय.

१५ ऑगस्ट
चॅनल उघडलं. नाव 'गडब गेमर'. दोन सबस्क्रायबर झाले. दोन्ही मीच, पण आकडा वाढतोय.

१८ ऑगस्ट
सुपरवायझर भेटला. राजीनाम्याचं काहीच बोलला नाही. उलट म्हणाला, गणपतीला जाऊन ये, आठ तारखेला सकाळच्या शिफ्टला ये. माणसाला दुःख पचवता येत नाही, तेव्हा असं बोलतो.

२५ ऑगस्ट, सोमवार. गडब.
आलो. पनवेलला उतरून एसटीने घरी.
ओटीवर, जिथे शिलाई मशीन असायचं, तिथे कॉम्प्युटर.
काळा. जुना. बाजूला रोह्याच्या कुठल्या तरी कंपनीचा नंबर चिकटवलेला. एक पण लाईट नाही. शेजारी प्रिंटर. अनिता समोर बसून टकटक करत होती. बाहेर कडक ऊन होतं.
सव्वीस जूनला घेतला म्हणाली, रोह्याच्या दुकानातून. ऋत्विकचे भावोजी स्वतः टेम्पोतून पोचवून गेले. वीसमध्ये कॉम्प्युटर पण आला, प्रिंटर पण आला. पंचवीसशेच्या वर चिठ्ठ्या छापून झाल्या, नाथाशेठ खूश.
मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, दादा, तू एवढ्या हौसेनं सांगायचास रे फोनवर. तोंड उघडेना माझं.
बाबा सुपारी कातरत म्हणाले, सांगितलं असतं तर तू ऐकनार होतास काय?
जेवलो. प्रश्न तसा चांगला होता.
तरी हरकत नाही. ऑफिसचं काम तिच्या डब्यावर, खरं काम माझ्या मशीनवर. एका घरात दोन कॉम्प्युटर. प्रगतीच आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार, सकाळ
आज असेंब्ली. रॅम आणि एसएसडी नाही, पण बाकी बसवून ठेवायला काय हरकत. गोधडी सोडली. कॅबिनेट एकदम झकास. आईला म्हटलं, आये, प्रोसेसर काढ.
आई एकदम खूश. म्हणाली, बरी आठवण केलीस रे बाला, परवाच काढला, मोदकाचे तांदूळ धुतले ना.

तोच दिवस, दुपार
सविस्तर लिहितो, म्हणजे नंतर कोणी बदलून सांगायला नको.
मोदकाच्या पिठाला तांदूळ आधी धुतात, सावलीत वाळवतात, मग गिरणीत. आईने डबा पाटीत उपडा केला आणि पाणी ओतलं. तीन पाणी झाली तेव्हा हाताला काहीतरी टोचलं. तोच. काट्याकाट्यांत तांदळाची कणी अडकलेली. आईला वाटलं, पोराची महागाची वस्तू, अशी कशी द्यायची. चष्मा लावून दुपारभर ओटीवर बसली आणि टाचणीने एकेक कणी काढली.
माझ्या हातात देऊन म्हणाली, बघ, एक कणी ठेवली नाय.
खरंच नव्हती. काटे पण निम्मे आडवे झालेले. वारा फिरला की भात लोळतो ना शेतात, तसे.
मला ओरडायचं होतं. आईच्या बोटांना टाचणीचे लाल ठिपके होते.
म्हटलं, व्हय आये, मस्त साफ केलास.
काढून नुसता ठेव, हे मीच सांगितलं होतं. हे डायरीत लिहायची गरज नव्हती. लिहिलं गेलं.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी.
पहाटेच आईने विचारलं, मखराला यंदा लायटिंग नाय का रे? गेल्या वर्षीची माळ उंदराने कुरतडली. दुकानं बंद.
अनिताने माझ्या कॅबिनेटकडे बघितलं. मी अनिताकडे बघितलं. मी म्हटलं, नाही.
तिने कुठून तरी व्हिडिओ काढला. पॉवर सप्लायच्या मोठ्या वायरीत दोन भोकांत यू-पिन अडकवली की बोर्ड नसताना पण पंखे चालू होतात. सत्तावीस व्हिडिओ मी बघितले, त्यात हे नव्हतं. चार पंखे फिरायला लागले. लाल, निळा, हिरवा, जांभळा.
बाबांनी कॅबिनेट मूर्तीच्या मागे उभं केलं. बाप्पाच्या डोक्यामागे प्रभावळ फिरायला लागली.
आरतीला आळीतली माणसं आली. बायजाबाई म्हणाली, अगो गोदूबाय, आरास काय झ्याक केलीस गो! आई म्हणाली, आमच्या निकेशनी आनलान, होसूरवरनं. बाबा पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. पंख्याजवळ सरकून म्हणाले, वारा पण लागतो.
मोदक अकरा खाल्ले. पीठ मऊ झालं होतं.

२९ ऑगस्ट
पेणला जाऊन मेकॅनिकला प्रोसेसर दाखवला. भिंग लावून बघितला. विचारलं, कोणी केलं हे? मी म्हटलं, उंदीर. म्हणाला, उंदीर फार शिस्तीचा होता.
सात काटे तुटलेत. होणार नाही म्हणाला.

३१ ऑगस्ट
अनिताने तिच्या कॉम्प्युटरवर मला बसवलं. नाथाशेठच्या उरलेल्या पावत्यांची नावं टाईप करायची होती. मी एका बोटाने अकरा नावं केली, त्यात गोदूबाई दोनदा. तिने उठवलं नाही. संपल्यावर पत्त्यांचा गेम लावून दिला. म्हणाली, खेळ दादा, हा चालतो याच्यावर.
हरलो. पण ग्राफिक्स चांगले होते.

२ सप्टेंबर, मंगळवार
गौरी-गणपतीचं विसर्जन. खाडीवरून आल्यावर कॅबिनेटची वायर मीच काढली. पंखे थोडा वेळ फिरत राहिले.

७ सप्टेंबर, रविवार. होसूर.
परत. कशाला आलो ते ठरवलेलं नाही. मोदकांचा डबा ऋत्विकला दिला. त्याने चार खाल्ले, मग उशीखालून माझा राजीनामा काढला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.
म्हणाला, फाडू का ठेवू?
मी म्हटलं, ठेव. पुढे लागेल. सही चांगली आली आहे.
उद्या सकाळची शिफ्ट. पट्टीचा रोल नवीन आलाय.

१४ सप्टेंबर, रविवार
आईचा फोन. कॅबिनेट घरातच ठेवलंय, माळ्यावर नाही टाकलं. काच आहे, दार बंद होतं, मुंगी जात नाही, म्हणून तांदळाचा डबा तिने त्याच्यात ठेवला. खारी हवा अजिबात लागत नाय म्हणाली.
मी विचारलं, पंखे लावतेस ना?
म्हणाली, व्हय, सकाळ-संध्याकाळ, थोडा वेळ.
सांगितलं, पुढच्या पंख्यांनी वारा आत, मागच्याने बाहेर. उलटं लावू नकोस.
आईने तीनदा म्हणून दाखवलं.