बेडकीचं माहेर

मंगळवार, संध्याकाळ

आज अकरावीला उभयचर शिकवले. माशांच्या वंशाला पाय फुटले, फुप्फुसं आली, ते जमिनीवर आले. पण अंड्याला कवच नाही, म्हणून बेडकी अंडी घालायला पाण्याकडेच परतते. "म्हणजे बाळंतपणाला माहेरी, बाई," सावंत मागच्या बाकावरून म्हणाली. वर्ग हसला. मीही.

घरी टेकते तोच लेकीचा, मुग्धाचा फोन. सातवा महिना, पण ती गिरगावात येणार नाही.

"आई, चाळीत तासभर पाणी. बाळाचं कसं निभणार?"

खरंच आहे. हो म्हटलं. पाळणा मात्र मी रविवारीच काढून टांगला. एवढी घाई कशाला केली? परत माळ्यावर चढवायला त्राण नाही. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, आणि या एवढ्याशा खोलीत येता-जाता धक्का लागतोच.