वाम माशांचं कापड

१२ जानेवारी
कापड आलं! गठ्ठा दारातच सोडला. माझे वाम मासे — पाणगवतातून वळवळणारे, एकेक चांगला लांबलचक. एक झोपलेला, एक चिडलेला, एकाला चष्मा. आणि कापडाच्या काठावर बारीक अक्षरांत छापलंय — कुनिए. माझं नाव! इतकी वर्षं गावातल्या पोरांच्या पिशव्या शिवल्या, एकीवरही माझं नाव नाही. असणार कसं? बालवाडीची पिशवी आईनेच शिवायची असते ना. मागच्या दाराने माझ्याकडून न्यायची आणि शाळेत सांगायचं, "रात्र रात्र जागून शिवली हो!"

शिगेओ म्हणतो, "हमामात्सुसारख्या वामांच्या गावात राहून वाम मासा खायचा सोडून कापडावर काढतेस?" नवरा कसला, खवचट मेला! पण तासभर कापडच न्याहाळत बसला होता.

१५ जानेवारी
कापड कंपनीचे मिझोगुची साहेब येऊन गेले. "नक्षी फार मोठी झालीय, कुनिएबाई. कुठेही कापा, मासा तुटतो. लहान काढा, म्हणजे प्रत्येक पिशवीवर अख्खा बसेल."
म्हटलं, वाम लहान काढला तर गांडूळ दिसेल!
हसले नाहीत. ठरलं ते असं — ओगुरींच्या दुकानात ठेवलेला सगळा माल एप्रिलात बालवाडी उघडायच्या आत खपला आणि तक्रार आली नाही, तर पुढच्या वर्षाच्या सगळ्या नक्ष्या माझ्या. नाहीतर विषय संपला.
खपणार. मला शंकाच नाही.

२ फेब्रुवारी
यंदा शिवणाच्या ऑर्डरी बंद. सगळ्या आयांना सांगून टाकलं — कापड ओगुरींकडे, कात्री तुमच्या घरी. काय गोंधळ! एक तर फोनवर रडायलाच लागली. योशिनो वन्संनी सुनावलं, "चालतं काम बंद कर आणि बस चित्रं काढत!" पण त्यांच्या नातीची, सानाएची, पिशवी मात्र मीच शिवायची म्हणे. शिवली. आणि गुपचूप डॉक्टरीणबाईंच्या लेकीचीही. त्यांना नाही कसं म्हणणार?

कापड दुप्पट गेलं, पण दोन्हींवर चष्मेवाला मासा बरोब्बर मध्ये, अख्खा, शेपटीसकट. नक्ष्यांचं नाहीच जमलं तर हा हात कुठे जातोय!

१९ मार्च
संपलं! सगळं संपलं! ओगुरी म्हणाले, नमुन्याचा तुकडासुद्धा एकीने मागून नेला. रात्री भातावर भाजलेला वाम. शिगेओने आधी माशाची माफी मागितली, मग दोनदा वाढून घेतला.

८ एप्रिल
बालवाडीच्या फाटकाबाहेर उभी राहून पाहून आले. अगं बाई, काय ते शिवण! कुठे मुंडकं उडालेलं, कुठे नुसती शेपटी. एकीने तर कापड तळाशी सरळ दुमडलंय — मागच्या बाजूचे सगळे मासे उलटे! माझ्या हातून असं काही गेलं असतं तर मला झोप लागली नसती. पण जिकडे बघावं तिकडे माझेच मासे. घरी येईपर्यंत हसत होते.

१५ एप्रिल
बालवाडीच्या मुख्य बाई हानेदा, त्यांचा फोन. "अकरा पिशव्या एकाच कापडाच्या, हो! पोरांना अजून वाचता येत नाही. कापड बघून तर ती आपली पिशवी ओळखतात. रोज अदलाबदल चाललीय. आया चिडल्यात."

प्रत्येक पोराला वेगळं कापड — हे मी दुसऱ्यांना शिकवायचे! काठावरच्या नावाच्या नादात विसरलेच!

वन्सं आल्याच तोंडसुख घ्यायला. "आमची सानाए रोज दुसऱ्याचीच पिशवी घेऊन येते. बघ तुझी कला!"

संध्याकाळपर्यंत मिझोगुची साहेबांच्याही कानावर गेलं. लहान नक्षी, चार वेगळ्या रंगांत कापड, नाहीतर करार विसरा. परवापर्यंत सांगा म्हणाले. न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं.

१६ एप्रिल
डबाभर रंगीत कापडी बिल्ले घेऊन बालवाडीत गेले. प्रत्येक पिशवीवर एक शिवायचा, म्हणजे ओळख पटेल. पहिल्याच पोराने पिशवी पाठीमागे लपवली.
"नको! मला कळते माझी. माझ्या माशाला डोकंच नाहीये."
दुसरी म्हणाली, "माझी नुसती शेपटीची!"
उलट्या माशांचा मालक तर ऐटीत पुढे आला. "माझे मासे बुडी मारतात. बाकी कुणाचेच नाही मारत."

एकेक करत सगळ्यांनी न चुकता आपापली पिशवी उचलली. खुंटीवर दोन राहिल्या. सानाए आणि डॉक्टरीणबाईंची लेक, दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत उभ्या.
"या दोघींचंच होतं हो रोज," हानेदा बाई म्हणाल्या. "पण काय सुबक शिवल्यात! कुणाच्या हातच्या असतील?"
माहीत नाही म्हटलं. दोन्हींवर एकेक बिल्ला शिवला आणि निघाले.

१७ एप्रिल
मिझोगुची साहेबांना फोन केला. नक्षी एवढीच राहील, मासा तुटतो म्हणूनच तर पोरं आपली पिशवी ओळखतात; अख्खा मासा हवा असेल तर जेवायला या! विचार करून कळवतो म्हणाले. कळवोत, न कळवोत. दारावरची 'शिवणकाम' पाटी काढली.