मे महिन्यातले सात नमुने

प्रिय पूजा,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट बाजूला सारशील, हे ठाऊक आहे. तरी वाच.

मी अजून नाशकात, त्याच ऑफिसात, त्याच कॉम्प्युटरसमोर. परवा मात्र पुलाजवळच्या पाड्यावर गेले होते, बहिरूकडे. तुझी पाण्याच्या नमुन्यांची पेटी ओहोळापासून डोक्यावर वाहून आणायचा, तोच. त्याच्या बायकोच्या, बायडाबाईच्या पायाला विळा लागला. जखम ओहोळाच्या पाण्यात भिजत राहिली, चिघळली. डॉक्टरांनी तीनदा औषध बदललं, एकही लागू पडेना. शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. "जंतू औषधाला सरावलेत म्हणं," बहिरू म्हणाला. "पर आमी तर कदी औषध घेतलंच नाय, बाई. मग ते सरावले कुठं?"

जंतू मारायची तसलीच औषधं बनवणाऱ्या कारखान्याला सांडपाणी ओहोळात सोडत राहू द्यायचं का, ते आपल्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलवर ठरणार होतं. पाण्यात किती औषध विरेल, उन्हानं किती नासेल, गाळात किती बसेल, सगळं मी मांडलं. ओहोळाचं पाणी मात्र वर्षाच्या सरासरीनं धरलं. पुलापाशी उत्तर आलं जवळपास शून्य. तू म्हणालीस, "योगिनी, मे महिन्यात तिथं ओहोळ नसतोच गं. वाहतं ते कारखान्याचंच पाणी." आणि रणरणत्या उन्हात जाऊन सात नमुने आणलेस. सातही आकडे माझ्या शून्याच्या कितीतरी वर. मी ते वगळले. अहवालाची घाई होती, हे खरं. पण माझी चूक तुझ्या तोंडून ऐकायची नव्हती, हे जास्त खरं. साहेबांना सांगितलं, नमुने नीट थंड ठेवले नव्हते. ठेवले होते, पूजा. पेटीतला बर्फ मी स्वतः पाहिला होता. आठवड्यानं तू नोकरी सोडलीस, तेव्हा मी जागेवरून उठलेही नाही.

बायडाबाईचा पाय त्या पाण्यानंच गेला, असं मी म्हणू शकत नाही. पण ते पाणी निर्धोक आहे, असं मी लिहून दिलं होतं.

आता कारखाना वाढवायचाय. अठ्ठावीस तारखेला पाड्यावर जनसुनावणी आहे आणि पुन्हा माझाच अहवाल पुढे ठेवणार आहेत. मे महिन्याचं पाणी धरून मी गणित नव्यानं केलंय, पण मोजलेल्या आकड्यांशिवाय ते कोण मानेल? ऑफिसातली तुझी नोंद मीच पुसली. तुझी वही असेल तर त्या पानांचे फोटो पाठव. नाही पाठवलेस, तरी मी उभी राहून सांगणार आहे की ते आकडे होते आणि ते मी काढून टाकले. कुणी आणले होते, ते सांगताना तुझं नाव घेऊ का, एवढं तरी कळव.

म्हणायचा हक्क उरला नसला तरी,
तुझीच,
योगिनी