वाफ्यात ठेवलेलं एक झाड

अहो,

रात्रपाळी करून आलात म्हणून उठवलं नाही. गाडीची किल्ली मी सोबत नेली आहे. अण्णांनी मागितली तर हरवली म्हणा. ते शोधायला लागले तर तुम्हीही शोधा, पण कपाटातली दुसरी काढून देऊ नका. तन्वीला मी एसटीनं शाळेत सोडते आणि तशीच पुढे श्रीगोंद्याला जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अण्णांचा नंबर लावून येते.

सकाळी त्यांनी मला हौसेनं अंगणात बोलावलं. "बघ सूनबाई, कॉसमॉसचा वाफा कसा चकाचक केला. गाजरगवताची एक काडी ठेवली न्हाई." बघते तर कळ्या धरलेला सगळा कॉसमॉस उपटून कुंपणापाशी टाकलेला. गेल्या वर्षी दोन्हींची पानं सारखी म्हणून मी गोंधळायचे, तेव्हा ओट्यावर बसल्या बसल्या अण्णांनीच मला लांबून फरक दाखवला होता. आणि हेच रोज आपल्या पोरीला मागे बसवून हायवेनं नेतात.

मी आधीही बोलले होते. तुम्ही म्हणालात, वयानं होतं थोडं. आता ते म्हणू नका.

अण्णांना मी काही कळू दिलं नाही, छान झालाय म्हटलं. तुम्हीही तेच म्हणा. वाफ्यात मधोमध एक झाड त्यांनी काठी लावून, सुतळीनं बांधून जपलंय. पहिलं फूल तन्वीच्या वेणीत माळणार आहेत.

ते गाजरगवत आहे. तरी आज उपटू नका.

निकिता